चौदा पटाची शाळा

शिमगा आटोपला तरी यंदा मी गावाला थोडी रेंगाळले. आईच्या पेन्शन खात्याचं काहीतरी अडलं होतं, ते मार्च संपायच्या आत सोडवायचं होतं. तालुक्याच्या बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. पंखा फिरत होता, पण वारा खाली उभ्या असलेल्या दोघांपुरताच. रांगेत माझ्या पुढे आमच्या वाडीच्या शाळेचे गुरुजी दिसले. मूळचे बीडकडचे, माझ्याहून बरेच लहान, पण वाडीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात पीपीएचा, म्हणजे बँकेला द्यायच्या पैसे देण्याच्या आदेशाचा प्रिंट, चार पावत्या आणि त्या पावत्यांच्या झेरॉक्स. बाकावर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष वहिनी बसल्या होत्या. काजूचा हंगाम ऐन भरात. बियांच्या चिकाने त्यांची बोटं काळी पडली होती, अंगठ्याची साल निघाली होती. कागदावर दोघांची सही लागते. वहिनींची सही जुळत नाही म्हणून कागद परत आला होता, तेव्हा दिवसाची मजुरी बुडवून त्या स्वतःच आल्या होत्या. "लिमिट परवा आलं, ताई," गुरुजी मला म्हणाले, "दोन दिवसांत निघालं नाही तर गेलं." किती आहे, मी विचारलं. "वर्षाचे दहा हजार. आत्ता निम्मेच आलेत." वहिनी बाकावरूनच म्हणाल्या, "ह्यात कौलं होतील काय हो, गुरुजी?" गुरुजींनी फोल्डर या हातातून त्या हातात घेतलं. "कौलं यात बसतात, वहिनी. पुरत नाहीत."

ठाण्याला परत आले तरी ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्या पाच हजारांचा प्रवास मी नंतर गुरुजींकडून फोनवर समजून घेतला, थोडा शासनाच्या कागदांतून. पैसा समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेचा. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना केंद्र ९० देतं. शाळेची माहिती यूडायस या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर भरली जाते, तिच्यावरून जिल्ह्याचा आराखडा होतो, जिल्ह्यांचा मिळून राज्याचा होतो, तो दिल्लीत मंजुरीला जातो, आणि मग केंद्राचा हप्ता, राज्याचा हिस्सा, मुंबईची प्राथमिक शिक्षण परिषद, जिल्हा, तालुका असं करत शेवटी शाळेच्या नावावर काहीतरी उमटतं. उमटतं म्हणजे खात्यात रक्कम जमा होत नाही. अमुक रकमेपर्यंत खर्च करायची मुभा मिळते, आणि आर्थिक वर्ष संपलं की ती मुभाही संपते. पैसा खात्यांत वर्षानुवर्षं पडून राहू नये म्हणून ही पद्धत आणली, आणि तो हेतू मला पटतो. पण शाळा जूनमध्ये उघडते. खडू जूनमध्ये लागतात, हजेरीपट जूनमध्ये लागतो, विजेचं बिल दर महिन्याला येतं. मुभा मार्चमध्ये उगवते. मधले नऊ महिने स्टेशनरीच्या दुकानाची उधारी आणि गुरुजींचा खिसा. बिलाचे पैसे थकले की मीटर कापायला माणूस येतो, त्याला दारातच थांबवून गुरुजी स्वतःच्या मोबाइलवरून बिल भरतात. त्यांच्या फोल्डरमधल्या चार पावत्यांपैकी दोन गणपतीच्या आधीच्या होत्या.

ही शाळा मला आतून माहीत आहे. चौथीपर्यंत मी तिथेच शिकले. जांभ्याच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, बसायला गोणपाट. पावसाळ्यात त्या ओल्या गोणपाटाचा वास दप्तरालाच काय, डब्यातल्या भाकरीलाही लागायचा. एकच खोली, एकच गुरुजी, चार इयत्ता. पहिली-दुसरीचं पाढे म्हणणं चालू असताना आम्ही तिसरी-चौथीवाले भिंतीकडे तोंड करून गणितं सोडवायचो. मी तिसरीत असताना खडू-फळा योजना आमच्यापर्यंत पोचली. १९८७ साली केंद्राने ही योजना आणली: प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि शिकवायला लागणारं किमान साहित्य. दुसरे शिक्षक शक्यतो बाई असाव्यात असंही त्यात होतं. आमच्याकडे आधी पेटी आली. गुरुजींनी ती टेबलावर ठेवून उघडली तेव्हा नव्या रंगाचा वास आला. भिंग, नकाशे, लाकडी ठोकळे, आणि पृथ्वीचा गोल. गुरुजींनी तो एकदा फिरवून दाखवला. समोर होते म्हणून मला हात लावता आला. समुद्राचा निळा भाग गुळगुळीत होता आणि मधल्या जोडाची रेघ बोटाला लागत होती. मग गोल कपाटात गेला आणि कुलूप लागलं. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत नोंद झाली होती, फुटला असता तर भरपाई गुरुजींच्या पगारातून. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्या माणसाला सरकारने एक वस्तू दिली आणि तिच्यासोबत एक भीतीही दिली. पुढच्या वर्षी बाई आल्या. त्यांनी कपाट उघडं ठेवलं. त्यांच्या बदलीपर्यंत गोल फुटला नाही, नुसता मळला.

दुसरी खोली मात्र सरकारी पैशातून पुरती झालीच नाही. भिंती उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. छपराचे पैसे मुंबईच्या मंडळाने दिले. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना मंडळ म्हणजे काय हे सांगायला नको. गिरणगावातली खोली, महिन्याची सभा, वहीत लिहिलेली वर्गणी. माझे वडील गिरणीत होते. ब्याऐंशीचा संप झाला, पुढे त्यांची गिरणी गेली, ते रखवालदारीला लागले, पण शाळेची वर्गणी त्यांनी चुकवली नाही. नव्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने देणगीदारांची यादी रंगवली होती, त्यात त्यांचं नाव ५१ रुपयांसह होतं. दरवर्षी गणपतीला आले की ते शाळेपर्यंत जाऊन यायचे. यादीसमोर थांबायचे नाहीत, पण चाल मंदावायची. त्यांचा तो अभिमान मला अजूनही सुंदर वाटतो. त्यांच्या पिढीने आपल्या पोटाला चिमटा घेऊन जिल्ह्याच्या वाड्यावाड्यांत शाळांची छपरं उभी केली.

आणि तरीही प्रश्न पडतो की छपराचे पैसे त्यांनी का द्यायचे होते?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्याचा गाभा हाच होता. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः रयतेच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणावर. शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी बसत होती, तिच्यातला वाटा शिक्षणासाठी होता, आणि पट्टी भरणाऱ्यांच्या बहुसंख्य गावांत शाळा नव्हती. फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलं, शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको म्हटलं, आणि शिक्षक नांगराला हात लावायची लाज न वाटणारा असावा म्हटलं. पैशाचं, पगाराचं, माणसाचं, असं तिन्ही एका निवेदनात. आज माझ्या आयकरावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर कापला जातो. प्राथमिक शिक्षणासाठी २ टक्क्यांनी तो २००४ साली सुरू झाला, पुढे वाढत गेला. मी तो खुशीने भरते. पण मार्चमध्ये बँकेत उभ्या राहिलेल्या गुरुजींना पाहिलं की रयतेची पट्टी आणि वाडीची शाळा यांच्यामधलं अंतर फुल्यांनी मोजलं होतं तेच अजून मोजावंसं वाटतं.

आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचं विधेयक त्यांनी १९११ साली मांडलं. सर्वत्र एकदम सक्ती करा असंही ते म्हणत नव्हते. जिथे पुरेशी मुलं आधीच शाळेत जातात तिथे स्थानिक संस्थेला सक्ती करायची मुभा द्या, आणि वाढीव खर्चाचे दोन वाटे सरकारने, एक वाटा स्थानिक संस्थेने उचलावा, एवढीच मागणी. १९१२ च्या मार्चमध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पैसा नाही, हे विरोधाचं एक मोठं कारण होतं. पाचच वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्ती लागू केली आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. बडोद्यात सयाजीरावांनी तर त्याआधीच, १९०६ साली संपूर्ण संस्थानात ते केलं होतं. कोल्हापूर आणि बडोदा ही ब्रिटिश हिंदुस्थानापुढे लहान संस्थानं. त्यांना परवडलं आणि साम्राज्याला परवडलं नाही, हे काही मला मान्य होत नाही. स्वतंत्र भारताने शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून लिहायला २००२ साल उजाडलं, आणि शिक्षण हक्क कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. त्याच्या सातव्या कलमात केंद्र आणि राज्य दोघांनी मिळून पैशाची जबाबदारी घ्यायची आहे. दोघांनी मिळून म्हटलं की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोयही होते. तामिळनाडूने केंद्राच्या पीएम श्री या आदर्श शाळांच्या योजनेच्या करारावर सही केली नाही, तर २०२४-२५ सालचे समग्र शिक्षेचे २,१५२ कोटी रुपये केंद्राने रोखून धरले. धोरणावरून भांडण कोणाचंही असो, खडू तिथल्या मुलांचे होते.

मी जुने निकष शोधून पाहिले आणि तिथे मला आमच्या कौलांचं उत्तर सापडलं. समग्र शिक्षेच्या आधी सर्व शिक्षा अभियान असताना प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार शाळा अनुदान होतं, तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला ५ हजार देखभालीचे, आणि प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी ५०० रुपये. म्हणजे दोन शिक्षकांच्या वाडीच्या शाळेला ११ हजार, मग मुलं चौदा असोत की चाळीस. २०१८ साली योजना एकत्र झाल्या, अनुदानंही एकत्र झाली, आणि रक्कम पटाला बांधली गेली. आता ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, असं वर वर. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. मोठ्या शाळांचं त्यात भलं झालं आणि त्यांना ते मिळायलाच हवं होतं. पण आमच्या शाळेला इतक्या वर्षांच्या महागाईनंतर हाती पडतात ते आधीपेक्षा हजार रुपये कमी.

पटाला बांधण्यात एक हिशेबी न्याय आहे खरा. मुलं जास्त तिथे पैसा जास्त. पुस्तकं, गणवेश, तांदूळ यांना तो न्याय लागू पडतो. छपराला पडत नाही. चौदा मुलांच्या डोक्यावरचं छप्पर चाळीस मुलांच्या छपराएवढंच मोठं असतं, त्याच्यावर पाऊसही तेवढाच पडतो, आणि माकडं कौलं फोडताना हजेरीपट बघत नाहीत. पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, आणि बाकी साहित्याला २०२५ च्या मे महिन्यापासून ६ रुपये ७८ पैसे. चौदा मुलांचे मिळून शंभरही होत नाहीत. चूल पेटवायची तर ती चौदांसाठीही पेटवावी लागते, पातेलं घासावं लागतं, विहिरीवरून हंडे आणावे लागतात. आहार शिजवणाऱ्या काकूंच्या मानधनात केंद्राने धरलेली रक्कम २००९ पासून महिन्याला १ हजार रुपये आहे, तीही वर्षाचे दहा महिने. राज्याने आपल्याकडून भर घातली म्हणून त्या टिकल्या. काकू मोड आलेले मूग फोडणीला टाकतात तेव्हा लसणीचा वास वर्गात येतो आणि पहिलीतला एक मुलगा दर दोन मिनिटांनी दाराकडे बघतो. शाळा चालू असताना एकदा जाऊन बसले होते तेव्हा पाहिलं. त्या मुलाची आई पहाटे बागेत कामाला जाते. सकाळपासूनचं त्याचं पहिलं पोटभर जेवण ते असतं.

मग इतक्या लहान शाळा ठेवायच्याच का, असा प्रश्न येतो, आणि तो मी झटकून टाकू शकत नाही. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा २०२३ साली १५ हजारांच्या आसपास होत्या. त्याच वर्षी शासनाने समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करायचे प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढे ठेवली. आमच्या शाळेत तिसरीत एकच मुलगी आहे. तिला भांडायला कोणी नाही, कोणाची वही बघून लिहायला कोणी नाही, कबड्डी तर दूरच. मोठ्या शाळेत तिला मैत्रिणी मिळतील, ग्रंथालय मिळेल, इंग्रजीचे वेगळे शिक्षक मिळतील. माझ्या सख्ख्या भावाचा नातू पिवळ्या गाडीतून दहा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत जातो, आणि भावाला मी काही बोलू शकत नाही. पण त्या तिसरीतल्या मुलीच्या घरी पिवळ्या गाडीचे पैसे नाहीत. तिच्या वाडीपासून पुढची शाळा नकाशावर जवळ दिसते. मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा आहे. आषाढात त्या पऱ्याला पाणी चढलं की मोठी माणसंही पलीकडे जात नाहीत. कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलंय ते अशाच मुलीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं असणार. शाळा हलवायची असेल तर आधी पऱ्यावर पूल बांधा, गाडी सुरू करा, ती वर्षभर चालवून दाखवा, आणि मग वाडीला विचारा. बहुतेक वेळा शाळा आधी जाते आणि गाडीचा प्रस्ताव मागाहून फिरत राहतो. आणि पट कमी झाला तो आपोआप नाही. कौलं गळतात, शिक्षक एकच उरतो, लोक हळूहळू मुलं काढून नेतात, पट उतरतो, पटाप्रमाणे पैसा उतरतो, आणि मग कौलं आणखी गळतात. हे चाक फिरवणारा हात कोणाचा, हे विचारल्याशिवाय नुसता पट दाखवून शाळा बंद करणं मला अन्यायाचं वाटतं.

एप्रिलमध्ये गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला: शाळेची कौलं, वासे आणि एक तुळई बदलायची आहे, ग्रामस्थ आणि मुंबईकरांनी सढळ हाताने मदत करावी. खाली हात जोडलेले. तासाभरात आकडे पडायला लागले, कोणी पाचशे, कोणी दोन हजार. लोकसहभागाचं शासनाला फार कौतुक असतं, आणि लोक देतातही मनापासून. पण ज्या वाडीचं मुंबईत मंडळ नाही, ज्या पाड्यावरचे लोक मुंबईत नोकरीला नाहीत तर वीटभट्टीवर आहेत, त्यांच्या शाळेच्या कौलांचं काय? हक्क सगळ्या मुलांचा सारखा, आणि छप्पर मात्र ज्याच्या त्याच्या काकाच्या पगाराप्रमाणे, हे मी पैसे पाठवतानाही पचवू शकले नाही. मी वहिनींना फोन केला आणि कायद्याचं बाविसावं कलम वाचून दाखवलं. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि शासनाने द्यायच्या अनुदानाचा आधार तो आराखडा असेल, असं तिथे सरळ लिहिलं आहे. पट नव्हे, आराखडा. वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्ही आराखडा करतो दर साली. गुरुजी लिहितात, मी सही करते. त्यात कौलं कधी लिहिली नव्हती. मिळणार नाहीत ते कशाला लिहायचं?"

मे महिन्यात आंब्यांसाठी गेले तेव्हा समितीची सभा शाळेच्या पडवीत होती, मला मागे बसू दिलं. आठ आया, चार बाप्ये, गुरुजी. छप्पर उतरवलेलं, वर उघडं आकाश, वासे अंगणात मांडलेले. पाऊस थांबणार नव्हता, म्हणून वर्गणीतून काम करायचं हे ठरलंच. पण वहिनींनी आधी गुरुजींना इतिवृत्ताची वही उघडायला लावली. मंडळाकडून आणि ग्रामस्थांकडून मिळालेली रक्कम देणगी म्हणून लिहायची नाही, असं त्या म्हणाल्या. गुरुजी अडखळले, असं कधी लिहिलेलं नाही, वर हरकत निघेल. "निघू दे की. हरकत निघाली तर निदान वाचली म्हणून कळंल," वहिनी म्हणाल्या. बरंच बोलणं झालं. एका आजोबांना हा देणाऱ्यांचा अपमान वाटला आणि त्यांना समजवायला वेळ गेला. शेवटी ठराव झाला तो असा, की छपराच्या दुरुस्तीचा खर्च ही शासनाची जबाबदारी असून तो शाळा विकास आराखड्यात या वर्षीच्या मागणीत धरण्यात यावा; पावसाळा तोंडावर असल्याने ग्रामस्थांनी तो तात्पुरता केला आहे; ही रक्कम शासनाकडून येणे आहे. सूचक एक आई, अनुमोदक तेच आजोबा. गुरुजींनी तीन प्रती काढल्या: एक केंद्रप्रमुखांना, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेला. तिसरी प्रत टपालाने नको, आपण स्वतः जाऊन देऊ आणि आवक क्रमांक घेऊन येऊ, असं वहिनी म्हणाल्या, आणि सोमवारी कोणाची मजुरी बुडवलेली चालेल यावर चर्चा सुरू झाली.